पुढच्या चाकांचा दांडा

ऑफिसच्या जीपमध्ये मी पहिल्यांदा बसले, तेव्हा माझं लक्ष रस्त्याकडे नव्हतंच. दोन सीटांच्या मधे, खालच्या पत्र्यातून तीन दांडे वर आले होते. उंच होता तो गियरचा, तो मला ठाऊक होता. त्याच्या शेजारी दोन बुटके, त्यांच्या डोक्यावरच्या गोळ्यांचा लाल रंग उडत आलेला. आदिलाबादहून बेल्यापर्यंत गेलो आणि परत आलो, पण ड्रायव्हरकाकांनी त्या दोघांना हातसुद्धा लावला नाही. परत येताना मी विचारलंच. काका एवढंच म्हणाले, की आज त्यांचं काम पडलं नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. हैद्राबादेत शिकून जनावरांची डॉक्टर झाले आणि नोकरी लागली ती आपल्याच जिल्ह्यात. आमचं घर आदिलाबादचं, तीन पिढ्यांपासूनचं. वडील तहसीलमध्ये पेशकार होते. घरात मराठी, दफ्तरात तेलुगू, बाजारात हिंदी, असं आमचं सगळ्यांचंच चालायचं. मोठ्या तालुक्यांची लहान मंडलं होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आमच्या दवाखान्याकडे गावंच गावं आली होती. त्यातल्या निम्म्यांना धड रस्ता नव्हता. म्हणून ती जीप.

काका पंचावन्नच्या पुढचे, पैनगंगेच्या काठच्या एका गावचे. घरी अजून कापूस-ज्वारीची शेती, भाऊ पाहायचा. बोलणं कमी आणि हळू. गाडी दोन बोटांनी चालवायचे, पण चाकाखाली काय येणार हे त्यांना आधी कळायचं. हैद्राबादेत मी मामाच्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकून लायसन काढलं होतं. सरळ डांबरी रस्ते, सिग्नल, पार्किंग. तेवढ्या जोरावर मला वाटायचं, की आपल्याला गाडी येते.

पहिल्या पावसाळ्यातच तो समज गेला. एका गावाला जाताना रस्ता संपला आणि काळी माती सुरू झाली. आमच्याकडची काळी माती ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून समजणार नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ओली झाली की ती चपलेला धरते, मग चप्पल पायाला सोडते. काकांनी त्या मातीच्या अलीकडे गाडी थांबवली, खाली उतरून दहा पावलं चालून आले, परत बसले आणि पहिल्यांदाच त्यातला एक बुटका दांडा ओढला. खालून 'खट्' असा आवाज आला. मग गाडी हलली, आणि मी सीटची कड धरली. आत्तापर्यंत कोणीतरी मागून ढकलत होतं आणि आता पुढूनही कोणी हात धरून ओढायला लागलं, असं काहीतरी अंगाला जाणवलं. बाजूला एक ट्रॅक्टर आसापर्यंत रुतलेला होता. आम्ही त्याच्या शेजारून गेलो, संथपणे, आवाज न वाढवता. मी वळून वळून त्या ट्रॅक्टरकडे पाहत राहिले.

त्या दिवशी गावातली सगळी जनावरं मी तपासली, पण डोक्यात तो दांडा होता. परत येताना मी काकांना सांगून टाकलं, की मला हे शिकायचंय.

ते लगेच हो म्हणाले नाहीत. सरकारी गाडी, शिवाय मॅडमनं चालवलेली कोणी पाहिली तर साहेब कोणाला विचारणार? मी साहेबांकडे गेले. आमचे जिल्ह्याचे साहेब गुंटूरकडचे. त्यांना वाटलं मी दुसऱ्या ड्रायव्हरची मागणी घेऊन आले. मी काय मागतेय ते कळल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, लायसन मागवून उलटसुलट पाहिलं आणि तेलुगूत म्हणाले, की अडीअडचणीला डॉक्टरला गाडी येत असली तर बरंच आहे, पण शिकायचं ते सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या जागी आणि ड्रायव्हर शेजारी असताना. एवढं मला पुरेसं होतं.

मावल्याच्या तलावाकडे तेव्हा मोकळा माळ होता. पावसाळा संपला तशी रविवारी सकाळी आम्ही तिथं जायला लागलो. पहिल्या रविवारी मी उत्साहानं स्टिअरिंगवर बसले, तर काकांनी उतरायला सांगितलं. जमिनीवर एक पोतं अंथरलं आणि म्हणाले, "आधी पोटाखाली पाहा."

मी गाईम्हशींच्या पोटाखाली शिरायला शिकलेली बाई, मला कसली लाज. आडवी होऊन सरकले. काका दुसऱ्या बाजूनं सरकले आणि तिथंच पडल्या पडल्या दाखवत गेले. इंजिनचा जोर या पेटीत येतो. इथून हा लांब दांडा मागच्या चाकांकडे जातो, तो रोज फिरतो. हा दुसरा पुढच्या चाकांकडे जातो, तो एरवी मोकळा. वरचा एक बुटका दांडा ओढला की हा त्याला जोडला जातो आणि चारही चाकं जोर लावतात. दुसरा बुटका दांडा म्हणजे छोटा गियर. तो टाकला की गाडी बैलाच्या चालीनं जाते, पण ताकद कितीतरी वाढते. आणि पुढची चाकं जोडल्याशिवाय छोटा गियर कधी टाकायचा नाही, नाहीतर सगळा जोर एकट्या मागच्या आसावर येतो आणि तो तुटतो.

मला हाडांचा सांगाडा समजावा तसं ते समजलं. खूप आनंद झाला. अंगावर ग्रीस पडलं होतं, तरी मी बाहेर यायला तयार नव्हते. मग मी मला हुशारीचा वाटणारा प्रश्न विचारला. चार चाकं जोर लावतात तर मग रोजच का नाही लावायची?

काकांनी उलट मलाच विचारलं, "चारबैली नांगर पाह्यला का तुमी?"

पाहिला होता. काळ्या रानात खोल नांगरणीला एकापुढे एक दोन जोड्या जुंपतात.

"बांधाशी वळताना पुढची जोडी लांबून फिरते. मागची जवळून फिरते. पुढचीचे पाऊल जास्ती पडते. आता दोन्ही जोड्याइनं सारखेच पाऊल टाकावं म्हणून कोणी जबरदस्ती केली, तं काय होईन?"

कोणीतरी अडखळून पडेल, मी म्हणाले.

"तसंच हाय. हा दांडा ओढला का पुढचे न मागचे सारखेच फिरतात. चिखलात चाक जरासं घसरते न आपला हिसाब बरोबर करून घेते. डांबरावर घसराले जागा नाई. मंग सगळा ताण आत बसते."

मी मान हलवली. समजलं होतं मला. पण समजणं आणि राहवणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

त्या माळावर मी महिनाभर शिकले. गाडी जवळजवळ थांबवून, क्लच दाबून, छोटा गियर टाकायचा. पुढच्या चाकांचा दांडा मात्र हळू चालत्या गाडीतही लागतो, फक्त चाकं सरळ पाहिजेत आणि घसरत नसली पाहिजेत. स्टिअरिंगवर अंगठे आत घालायचे नाहीत, कारण दगडावर चाक आदळलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा मोडतं. एके दिवशी दगडांच्या उतारावर छोट्या गियरात पहिला टाकला आणि काकांनी मला दोन्ही पाय उचलून घ्यायला सांगितलं. गाडी आपली आपण एकेक दगड हुंगत चढायला लागली. मी खिडकीबाहेर डोकं काढून चाक बघत होते. टायर दगडाला बिलगत होता, थोडा चपटा होत होता, आणि मग वर. मी मोठ्यानं हसत होते. घरी जाऊन आईला ते सांगताना माझं जेवण गार झालं.

आणि त्याच नादात माझी पहिली फजिती झाली. पुढच्या रविवारी परतताना काका म्हणाले, आज शहरापर्यंत तुम्हीच न्या. मी माळावरून डांबरी रस्त्यावर आले आणि दांडा काढला नाही. विसरले नाही, मुद्दाम काढला नाही. चारही चाकं लावून आपल्या गल्लीत शिरावं, आईनं ओट्यावरून पाहावं, असं मनात होतं. आईला त्यातलं काय दिसणार होतं, हा विचार केला नाही. काका शेजारी बसून सुपारी कातरत होते. त्यांना कळलं नसेल असं शक्यच नव्हतं, पण ते बोलले नाहीत.

पहिल्या वळणाला स्टिअरिंग जड वाटलं. दुसऱ्या वळणाला टायर कुरकुरले. मला वाटलं हवा कमी असेल. गल्लीच्या तोंडाशी तर गाडी कोणी मागून धरल्यासारखी अडून अडून वळायला लागली. मी घाबरून थांबवली आणि दांडा पुढे ढकलला. तो हलेना. दोन्ही हातांनी ढकलला, तरी नाही. समोरच्या किराणा दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मी काकांकडे पाहिलं.

"आता कसं वाटून राह्यलं?" काकांनी विचारलं.

मी म्हणाले, मोडली का गाडी?

"मोडली नाई. ताण बसला. मागं घ्या, सरळ, धा-पंधरा हात."

मी रिव्हर्स टाकून सरळ मागे घेतली. काकांनी दांड्यावर नुसता तळहात ठेवला होता. मधेच 'टक्' झालं आणि तो सहज सुटून पुढे गेला. त्याबरोबर गाडीचं अंग हलकं झालं. मला ते स्टिअरिंगमधून हातात कळलं. काकांनी मला थांबवलं का नाही, हे मी रागानं विचारलं. ते म्हणाले, की सांगून कळलं होतं तुम्हाला, हाताला कळायचं राहिलं होतं.

दुसरी फजिती पुढच्या पावसाळ्यातली, आणि ती उलट कारणानं झाली. डांबरावर नको तिथं दांडा लावून पोळले होते, म्हणून आता मी तो लावायलाच कचरू लागले. बेल्याच्या पुढे एका गावाला जाताना काका शेजारी बसलेले आणि मी चालवत होते. समोर पंचवीस-तीस हात चिखल होता. मला वाटलं, वेगात काढू. निम्म्यात गाडी बसली. तेव्हा मी घाईघाईनं दांडा ओढला आणि जोरात रेस दिली. चारही चाकांनी चार खड्डे केले आणि गाडी पोटावर टेकली. म्हणजे दोन चाकांनी जेवढी फसली असती त्याच्या दुप्पट मी ती चार चाकांनी फसवली.

काका उतरले, भोवती फिरून आले आणि शांतपणे म्हणाले, "दांडा चिखलाच्या अलीकडे लावाचा असते, बाई. चिखलात बसून नाई."

मग गावातून बैलजोडी आली. ज्याची जोडी होती त्या शेतकऱ्याचा उजवीकडचा बैल मी दीड महिन्यापूर्वीच बरा केला होता, खुरात काटा जाऊन पू झाला होता. बैलानं मला ओळखलं असेल तर ते चांगल्या कारणानं नसावं. दोरखंड बांधला, बैलांनी माना खाली घातल्या, आणि सरकारची जीप बाहेर आली. शेतकरी म्हणाला, त्याचा पाय तुमी नीट केला, त्यानं तुमचा काढला, आता काही बाकी नाही. सगळे हसले, मीही हसले. पण त्या दिवसापासून मी एक नियम धरला. पुढे काय आहे ते दिसत नसेल तर उतरायचं. आधी आपले पाय, मग चाक.

त्याच भाद्रपदात उटनूरच्या वरच्या अंगाच्या एका गोंडांच्या गावातून निरोप आला. दोन माणसं पायी घाट उतरून, मग बसनं आली होती. म्हशी मरताहेत. गळ्याखाली सूज, घरघर, आणि संध्याकाळी सूज दिसली की सकाळी जनावर गेलेलं. घटसर्प. पावसाळ्याच्या आधी आमची लस जिथं पोहोचली नव्हती, त्यातलं ते गाव. तीन म्हशी गेल्या होत्या, बाकीच्यांना तातडीनं लस टोचायला हवी होती आणि आजारी असतील त्यांना इंजेक्शनं.

अडचण अशी, की काकांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आठ दिवसांपूर्वी जीप धुताना पाय घसरून मनगट मोडलं होतं. दुसरा ड्रायव्हर दुसऱ्या गाडीबरोबर निर्मलकडे गेलेला. साहेबांनी मला बोलावलं. ते काही विचारणार इतक्यात मीच म्हणाले, की मी जाते. साहेब खिडकीतून बाहेर आभाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ड्रायव्हर शेजारी बसायला तयार असेल तर जा. काका दारातच उभे होते, पिशवी घेऊन.

लशीच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत घातल्या, पेटी मागच्या सीटखाली दोरीनं बांधली आणि निरोप घेऊन आलेल्या त्या दोघांना मागे बसवून आम्ही सकाळीच निघालो. डांबर होतं तोवर साधीच गाडी. उटनूर ओलांडून कच्चा रस्ता लागला तेव्हा मी अलीकडे थांबले, दांडा ओढला. 'खट्.' काकांनी बाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंनी सागाचं रान, पानं पावसानं धुतलेली. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पुढे चढण आली, मोकळ्या दगडांची. तिथं थांबून छोटा गियर टाकला. मावल्याच्या माळावर जे शिकले होते तेच, फक्त इथं उजवीकडे दरी होती. पाय उचलून घेतले आणि गाडीला चढू दिलं. मागची दोन माणसं गोंडीत काहीतरी बोलली. मी काकांना विचारलं काय म्हणतात, तर ते म्हणाले, बाई पाय वर घेऊन गाडी चालवते असं म्हणतात.

चढण संपली आणि ओढा लागला. तिकडे त्याला वागू म्हणतात. लाल पाणी, चाळीसेक हात रुंद. पलीकडे उतारावर गावाची कौलं दिसत होती. म्हणजे आलोच होतो.

मी थांबवून उतरले. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठी घेऊन पाण्यात शिरले. पहिल्या दहा पावलांत पाणी पोटरीला, मग गुडघ्याला, मग गुडघ्याच्या वर. पायाखाली दगड टणक होते, ते चांगलं होतं. पण पाणी ढकलत होतं. काठी रोवली तर ती हातात थरथरत होती. मी तिथूनच परतले.

काका म्हणाले, "निंघते, बाई. मी लई वेळा काढली या वागूतून. छोट्या गियरात दुसरा टाका न थांबू नका."

माझं मन तेच म्हणत होतं. चार चाकं आहेत, ताकद आहे, पेटीतला बर्फ वितळतोय, समोर गाव आहे. ज्या एका दिवसासाठी हे सगळं शिकलो तो हाच दिवस, असं वाटत होतं. पण पाण्यात माझा पाय उचलला गेला होता, अगदी क्षणभर, आणि तो मला आठवत होता. जीपचे पाय चार असले तरी ती त्या पाण्यात उभी राहील याची मला खात्री वाटेना.

मी म्हणाले, "काका, आता नाही. पाणी उतरू द्या."

पहिल्यांदाच मी त्यांना तोंडावर नाही म्हटलं होतं. मग त्यांनी डाव्या हातानं एक काडी उचलली आणि जिथं पाणी काठाला लागत होतं तिथं रोवली. आम्ही चौघं बसून त्या काडीकडे बघत राहिलो. मी दोनदा पेटी उघडून बर्फ पाहिला, नंतर उघडणं बंद केलं, कारण उघडण्यानंच तो जास्त वितळत होता. पलीकडे गावातली माणसं जमली. एक म्हातारी डोक्यावर हात ठेवून उभी होती. कोणी ओरडलं नाही, कोणी हात केला नाही. ते थांबले होते तसे आम्हीही थांबलो.

वरच्या अंगाला पाऊस थांबला असावा. दीड-दोन तासांत पाणी काडीपासून वीतभर खाली गेलं आणि मधला एक काळा दगड, जो आधी दिसत नव्हता, डोकं वर काढून उभा राहिला. मी पुन्हा पाण्यात गेले आणि या वेळी पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आले. पाणी गुडघ्याच्या खाली होतं. मधे उजव्या बाजूला एक खळगा लागला, तो काठीनं तपासून लक्षात ठेवला.

काकांनी बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा काढायला लावला, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवणार नाही. मग छोटा गियर, दुसरा, आणि पाण्यात. पाणी पुढच्या पत्र्यावर आदळून दोन बाजूंना पसरलं. इंजिनचा आवाज दबका झाला. निम्म्यात आल्यावर मी खळगा टाळायला डावीकडे घेतलं, तरी पुढचं एक चाक कशात तरी उतरलं आणि गाडी एकदम तिरकी झाली. माझा डावा पाय आपोआप क्लचकडे गेला.

"पाय नको," काका म्हणाले. आवाज न चढवता.

मी पाय मागे घेतला. गाडी क्षणभर जागीच गुरगुरली. मागच्या चाकांनी ढकललं, दुसऱ्या पुढच्या चाकानं धरलं, आणि नाक वर उचलून आम्ही पलीकडच्या चिखलातून काठावर आलो. मी उतरून पंख्याचा पट्टा परत चढवला. गावातल्या माणसांनी गाडीला हात लावून पाहिला.

पेटीत बर्फाचे तीन-चार तुकडे शिल्लक होते. पुरले. त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावातली धडधाकट जनावरं सगळी टोचली. काका प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून डाव्या हातानं बाटल्या देत होते. आजारी सहा होती. त्यातली दोन गेली, चार वाचली. डोक्यावर हात ठेवून उभी असलेली म्हातारी आपल्या एकुलत्या एक म्हशीला धरून सगळ्यात शेवटी आली. तिची म्हैस आजारी नव्हतीच. म्हातारीला फक्त वाटत होतं, की चांगली जनावरं आधी टोचली तर आजारी राहून जातील, म्हणून ती मागे थांबली होती. आमचा मुक्काम शाळेच्या खोलीत होता. तिनं ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी आणून दिली.

परतताना वागू नुसता घोट्याएवढा होता. पण ती दगडांची चढण आता उतरण झाली होती, आणि सकाळच्या सरीनं मधली माती साबणासारखी झालेली. माथ्यावर मी उतरून थोडं चालले. दोनदा घसरले. परत येऊन बसले, छोटा गियर, पहिला.

"आता ब्रेकले पाय लावाचा नाई," काका म्हणाले. "काई झालं तरी."

चढताना पाय उचलणं सोपं असतं. उतरताना समोर सगळं खाली पडत जाताना ब्रेकवरून पाय काढून ठेवणं, ते सगळ्यात अवघड. गाडी निघाली. एका जागी मागचा भाग थोडा सरकला आणि माझा उजवा पाय ब्रेककडे निघाला. मी तो सीटच्या पायाला मागे टेकवून धरला. इंजिन घूं घूं करत गाडीला मागे ओढत होतं, जणू उतरायची तिलाच घाई नव्हती. मी फक्त स्टिअरिंग सरळ धरलं. दरी डावीकडून हळूहळू मागे गेली. सपाटीवर आलो तेव्हा मी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. कानात सगळं रान वाजत होतं.

मग काकांनी सांगितलं. या नोकरीत लागल्यावर पहिल्याच वर्षी, याच उतरणीवर, असाच पाऊस झालेला असताना त्यांनी ब्रेक दाबला होता. चाकं अडली आणि गाडी बैलगाडीसारखी आडवी होऊन उलटली. एका झाडानं अडवली म्हणून दरीत गेली नाही. शेजारी बसलेल्या कंपाउंडरचा पाय कायमचा अधू झाला. त्यानंतर कित्येक महिने काकांनी घाटाची ड्युटी घेतली नाही. शेवटी त्या कंपाउंडरनंच त्यांना बोलावून सांगितलं, की गाडी सोडू नको, शिकून घे.

"काल वागूपाशी," काका म्हणाले, "मी निंघते म्हटलो. तुमी नाई म्हटलं. तुमचं बरोबर होतं."

मी गाडी चालू केली.

डांबर लागलं तिथं आम्ही थांबलो. मी छोटा गियर काढला, दांडा पुढे ढकलला. तो सहज गेला. ओले ब्रेक सुकावेत म्हणून थोडं अंतर हलके हलके दाबत गेले, काकांनी सांगायच्या आधीच. दुपार उतरता उतरता आदिलाबादला पोहोचलो. साहेब व्हरांड्यात आले. किती जनावरं टोचली, किती गेली, ते विचारलं आणि चिखलानं माखलेल्या जीपभोवती एक फेरी मारून आत गेले. आत जाताना शिपायाला मॅडमसाठी चहा सांगितला.

काकांनी लॉगबुक काढलं. त्यांना उजव्या हातानं लिहिता येत नव्हतं, म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहिलं. कुठून कुठं, किती किलोमीटर, कशासाठी. शेवटच्या रकान्यात चालकाची सही असते. मी सवयीनं वही त्यांच्यापुढे केली, डाव्या हातानं कशीबशी करतील म्हणून.

त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली. "गाडी कोणं चालवली?" म्हणाले. "सही त्यानंच कराची असते."

मी सही केली. काकांनी वही उचलून डोळ्यांजवळ नेली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि बंद करून डॅशबोर्डाच्या खणात ठेवली. मग आम्ही दोघं पाण्याचा पाइप घेऊन जीप धुवायला लागलो. मी चाकं घेतली. आसाशेजारी अडकलेली लाल माती काठीनं खरवडून काढायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी काकांना त्या वागूतल्या खळग्याबद्दल पुन्हा पुन्हा सांगत राहिले, जणू ते तिथं नव्हतेच.